परदेशी खातं आणि सासऱ्यांचं वीजबिल

मी जिन्यांची ड्रॉइंग काढते. इंग्लंडमध्ये लाकडी जिने बनवणारी एक कंपनी आहे, तिच्यासाठी. तिथला माणूस घरोघरी जाऊन मापं घेतो, ती मला मेलवर येतात, मी नाशकात आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून जिना काढते, तो तिथल्या मशीनवर कापला जातो आणि कुणाच्या तरी घरात उभा राहतो. सात वर्षं हे चाललंय. त्याआधी वीस वर्षं मी इथल्याच अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या विभागात, ड्राफ्ट्समन होते. कारखान्याने टूलरूम बंद केली, मी काम बंद केलं नाही, एवढाच फरक.

गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी त्या कंपनीतल्या बाईंचा मेल आला. या बाई माझ्याकडे कामं पाठवतात. सात वर्षांत आम्ही एकमेकींना पाहिलेलं नाही, पण तिचा कुत्रा कधी मेला आणि माझं गर्भाशय कधी काढलं हे दोघींना ठाऊक आहे. तिने लिहिलं होतं की त्यांची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आहे. नव्या मालकांचा नियम असा की बाहेरच्या कामाचे पैसे फक्त इंग्लंडमधल्या बँक खात्यावर जमा होणार, तेही व्यवसायाच्या नावाच्या खात्यावर. सहा आठवड्यांत खात्याचा नंबर दिला नाही तर माझं नाव यादीतून जाईल आणि काम दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. ‘मला फार वाईट वाटतंय,’ असं तिने शेवटी लिहिलं होतं. मला वाईट वाटायला वेळ नव्हता. माझं चार हिश्श्यांतलं तीन हिस्से काम याच कंपनीचं होतं. ते गेलं तर पन्नाशी ओलांडलेल्या ड्राफ्ट्समन बाईला दारावर कोण बोलवायला येणार होतं?

नाशकातल्या द्वारका चौकाजवळ आमचे सीए बसतात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासमोर होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत, पण बोलतात हेडमास्तरांसारखे.

“ताई, इंग्लंडला जाऊन खातं उघडायची गरज नाही,” ते म्हणाले. “अशा कंपन्या आहेत, ऑनलाइन खातं देतात. तिकडचा नंबर मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा, पैसा तिथे साठवायचा नाही. आला की इकडच्या खात्यात वळता झाला पाहिजे. हे खातं म्हणजे नुसता थांबा आहे. बस तिथे मुक्कामाला राहत नाही.”

“किती दिवस लागतात?”

“दहा मिनिटं, असं त्यांच्या जाहिरातीत असतं.”

“आणि खरं?”

“खरं तुम्ही मला सांगा, झाल्यावर.”

दहा मिनिटं. मी रात्रीचं जेवण उरकून नाही, दुपारी चांगल्या उजेडात बसले, कारण त्यांना चेहऱ्याचा फोटो हवा होता. चष्मा काढा. डोकं डावीकडे वळवा. आता उजवीकडे. चेहरा चौकटीत नाही. चेहरा चौकटीतच होता, पण ते यंत्राला पटायला पाच वेळा मान हलवावी लागली. नंतर पासपोर्ट. तो लगेच पटला. नंतर नाव. पहिलं नाव आणि आडनाव एवढ्या दोनच जागा. माझ्या पासपोर्टात मध्ये नवऱ्याचं नाव आहे, त्याला कुठे बसवायचं? मी ते पहिल्या नावाला जोडून दिलं. त्यामुळे पुढची सगळी पत्रं मला माझ्या आणि नवऱ्याच्या जोडनावाने येत राहिली. मग पत्ता. घर क्रमांक, रस्त्याचं नाव. आमच्या रस्त्याला नाव नाही. आम्ही पिठाच्या गिरणीसमोरच्या गल्लीत राहतो आणि पोस्टमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना गिरणी माहीत आहे. मी रस्त्याच्या नावाच्या जागी ‘गिरणीसमोर’ असं इंग्रजीत लिहिलं. ते चाललं. म्हणजे खोटा रस्ता चालतो, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटचं पान व्यवसायाच्या जागेचं होतं. व्यवसाय कुठून करता, आणि त्या जागेचा पुरावा. तीन महिन्यांच्या आतलं वीजबिल, किंवा भाडेकरार. मला त्यात काहीच अवघड दिसलं नाही. वीजबिल फ्रिजवर क्लिपला लावलेलं होतं. दर महिन्याला मीच भरते. फोटो काढला आणि टाकला.

आमचं वीजबिल सासऱ्यांच्या नावावर आहे. सासरे जाऊन पंधरा वर्षं झाली. ते शाळेत शिक्षक होते, नोकरीत असताना त्यांनी नाशकात हा प्लॉट घेतला आणि बंगलीवजा चार खोल्या बांधल्या. देवळा गावाजवळची शेती धाकट्या दिरांकडे आणि हे घर आमच्याकडे, असं तोंडी ठरलं. कागदावर काहीच नाही. घर सासऱ्यांच्या नावावर, घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर, मीटर सासऱ्यांच्या नावावर. आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमच्या गल्लीत निम्मी बिलं गेलेल्या माणसांच्या नावाने येतात. शेजारच्यांचं तर आजेसासऱ्यांच्या नावाने येतं. बिल येतं, भरलं जातं, दिवे लागतात. नाव बदलायला गेलं की लोक विचारतात, वाटण्या होतायत का? म्हणून कुणी जात नाही.

फॉर्मच्या खाली एक रिकामी चौकट होती. बिलावरचं नाव अर्जदाराचं नसल्यास कारण लिहा. मी कारखान्यात वीस वर्षं काढलीत. ड्रॉइंगवर शंका राहू नये म्हणून टीप लिहायची सवय. मी लिहिलं, बिल माझ्या सासऱ्यांच्या नावाने आहे, ते पंधरा वर्षांपूर्वी वारले, बिल मी भरते. तीन साधी, खरी वाक्यं. आयुष्यात एवढं महागात पडलेलं खरं मी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अर्ज थांबवल्याचा मेल. मयत व्यक्तीच्या नावाने सुरू असलेल्या सेवेचा वापर आढळल्याने अर्ज विशेष तपासणीकडे पाठवला आहे. विशेष तपासणी! मी मेलेल्या माणसाच्या नावाने काहीतरी धंदा चालवते, अशी त्यांची समजूत झाली होती.

आठवडाभराने व्हिडिओवर बोलावणं आलं. पलीकडे एक तरुण मुलगा, हसरा, फार सभ्य. सगळं इंग्रजीत चाललं होतं. माझं इंग्रजी ड्रॉइंगपुरतं बरं आहे, भांडणापुरतंही.

“बिलावरची व्यक्ती तुमची कोण?”

“सासरे. नवऱ्याचे वडील.”

“त्यांचं बिल तुम्ही वापरता, याची त्यांना कल्पना आहे का?”

“ते वारलेत.”

“हो, मी नोंद पाहिली. मला वाईट वाटलं.” तो थांबला. कागदावरचा पुढचा प्रश्न वाचत असावा. “मग त्यांची परवानगी कशी घेतलीत?”

मी चष्मा काढून पुसला. “तुमच्या कंपनीकडे काही सोय असेल तर मला सांगा. मला त्यांना आणखीही दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत.”

तो हसला नाही. तो बिचारा उत्तरं टाइप करत होता. मग म्हणाला, “त्या घराचे सध्याचे कायदेशीर मालक कोण?”

“माझा नवरा आणि त्यांचा भाऊ.”

“तसा कागद आहे?”

“नाही.”

“मग ते मालक आहेत हे कसं कळतं?”

हा प्रश्न मला आवडला नाही, कारण तो बरोबर होता.

त्याने शेवटी वाट काढून दिली. दोघा वारसांनी सह्या केलेलं, नोटरीचा शिक्का असलेलं संमतीपत्र, की ही बाई या घरातून व्यवसाय करते आणि आमची हरकत नाही. सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला सोबत. नाहीतर माझ्या नावाचा भाडेकरार. यातलं एक आलं की खातं सुरू.

मला हायसं वाटलं. दोन सह्या. एक घरातच होती.

माझे मिस्टर कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहेत. त्यांच्या खिडकीवर पोरं-पोरी रडत येतात, एक झेरॉक्स कमी म्हणून फॉर्म परत जातो. कागद म्हणजे काय हे त्यांना मी सांगायला नको. मी संमतीपत्र टाइप करून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

“आधी त्याला विचारू,” ते म्हणाले. त्याला म्हणजे भावाला.

“विचारायचं आहेच. तुम्ही सही करून ठेवा, मी घेऊन जाते.”

“मी आधी सही केली तर त्याला वाटेल आपण दोघांनी ठरवून केलं.”

“आपण दोघांनी ठरवूनच करतोय. नवराबायको आहोत.”

“तुला कळत नाही. पप्पांच्या घराला हात लावला की विषय वाढतो.”

“घराला कोण हात लावतंय? मी मागच्या खोलीत ड्रॉइंग काढते, एवढंच लिहिलंय. ते खोटं आहे का?”

“खोटं नाही. पण लिहायची काय गरज?”

हे हेडक्लार्क. मी पोळी वाढली आणि रविवारी देवळ्याला जायचं पक्कं केलं. ते म्हणाले, मी येतो. मग शनिवारी त्यांच्या पोटात दुखायला लागलं. मी एकटी गेले.

दिरांचं घर देवळ्याच्या अलीकडे शेतातच आहे. ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. कांदा पिकवतात आणि आता दुसऱ्यांचाही घेतात. स्वभावाने वाईट नाहीत. मी आजारी होते तेव्हा महिनाभर दर आठवड्याला भाजी पाठवत होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला ते खलपुरुष वाटतील. ते तसे नाहीत. ते अगदी नेहमीसारखे आहेत, राग त्याचाच आहे.

चहा झाला. मी कागद काढला. मराठीत सगळं समजावून सांगितलं. इंग्लंड, जिने, खातं, वीजबिल, सही.

त्यांनी कागद वाचला. परत वाचला. उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

“वहिनी, ही हक्कसोड तर नाय ना?”

“नाही भाऊजी. हक्काचा शब्द कुठेच नाही. फक्त हरकत नाही, असं आहे.”

“हरकत तर नायच हाय. हरकत कधी घेतली का मी?”

“नाही. तेच लिहायचंय.”

“मग लिहायचं कशाला? मी तोंडानं सांगतो ना. लावा त्यांना फोन, मी सांगतो, आमच्या वहिनी लय चांगल्या हायत.”

“त्यांना तोंडी चालत नाही.”

“आपल्याला पंधरा वर्षं चाललं की.” त्यांनी कागद घडी करून चहाच्या कपाखाली ठेवला. “अन् दादाची सही कुठं हाय? दादानं का नाय केली?”

पोटात दुखतंय म्हणून, असं सांगणं माझ्याच्याने झालं नाही.

“तुम्ही केली की तेही करतील.”

“असं हाय का?” ते हसले. “मंग असं करू. मी सही करतो, तुमच्या कागदावर. दादानं अन् तुम्ही माझ्या कागदावर करायची. इथल्या शेतीचं, आमचं काही मागणं नाय म्हणून. फिटंफाट.”

म्हणजे मागच्या खोलीत टेबल टाकायच्या परवानगीच्या बदल्यात सात एकर जमीन. मी हिशेबी बाई आहे, पण एवढी तिरकी बेरीज मला कधी सुचली नसती. आणि गंमत म्हणजे आम्ही ती जमीन मागणार नव्हतोच. तोंडी ठरलेलंच होतं की. त्यांना मात्र तोंडी चालत नव्हतं.

“भाऊजी, तोंडानं सांगतो म्हणालात ना मघाशी?” मी म्हणाले. “मग हेही तोंडीच राहू द्या.”

“वहिनी, तुम्ही लय शिकलेल्या. तुमच्याशी बोलायचं म्हणजे वकील लावावा लागंल.”

“मी आयटीआय केलंय भाऊजी. वकिली नाही केली.”

मी उठून आत गेले. जाऊ चुलीपाशी नाही, गॅसपाशीच होती, पण तिचे कान बाहेरच होते. ती बागलाणातली, नामपूरकडची. घरात आमच्याशी ती आमच्यासारखं बोलते, पण वैतागली की माहेरची अहिराणी बाहेर पडते.

“सही नाही ना केली?” तिने विचारलं.

“नाही.”

“करणारच नाही. ताई, ती बाहेरची कांदा साठवायची चाळ पाहिली का? ती माझ्या नावावर शे. अनुदानासाठी बाईचं नाव लागत होतं, म्हणून माझं टाकलं. मी सही केली तेव्हा कागदात काय होतं ते बी कोणी वाचून दाखवलं नाही.” तिने पोळी उलटली. “नाव मनं शे, कुलपाची चावी त्यासनाकडे शे.”

ती हसत होती. मला हसू आलं नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी मनातल्या मनात एक यादी केली. सव्वीस वर्षं मी त्या घरात आहे. स्लॅब गळायला लागला तेव्हा वॉटरप्रूफिंग मी करून घेतलं. मागच्या खोलीची फरशी माझ्या पैशाची, वायरिंग माझं, इन्व्हर्टर माझा. वीजबिल, पाणीपट्टी, गॅस, सगळं माझ्या फोनवरून जातं. आणि त्या घरात एकही कागद असा नव्हता, ज्यावर लिहिलंय की ही बाई इथे असते आणि इथे काम करते. राहते म्हणून आधार कार्डावर आहे, अमक्याची बायको म्हणून. व्हिडिओवरच्या त्या मुलाचा मला इतके दिवस राग येत होता. त्याने फक्त विचारलं होतं. उत्तर नव्हतं ते आमच्याकडे.

घरी आले तेव्हा मिस्टर बरे झाले होते, टीव्ही पाहत होते.

“काय म्हणाला?”

“सात एकर मागितले.”

“म्हणून म्हणत होतो, विषय वाढतो.”

सहा आठवड्यांतले साडेतीन गेले होते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. सोमवारी सकाळी द्वारकेला गेले आणि जागा शोधायला लागले.

द्वारकेला जागा म्हणजे गोंगाटच. उड्डाणपुलाखाली चारी बाजूंची वाहनं एकमेकांवर भुंकत असतात. पण मला शांतता नको होती, मला पत्ता हवा होता. प्लायवूड आणि हार्डवेअरच्या एका दुकानावर, वरच्या मजल्यावर, एक गाळा रिकामा होता. आठ बाय दहा. एक खिडकी, एक पंखा, वेगळा मीटर. दुकानदार हेच गाळेमालक. साठीचे, गळ्यात मोजपट्टी.

“कशाचं काम?” त्यांनी विचारलं.

“ड्रॉइंगचं. जिन्यांचं.”

“अरे वा. मग प्लाय आमच्याकडूनच घ्या.”

“माझे जिने इंग्लंडला बसतात.”

त्यांनी मला नीट पाहिलं. मग भाडं, अनामत ठरलं. मग ते म्हणाले, “करार मिस्टरांच्या नावावर करू ना? ते सहीला कधी येतील?”

“येणार नाहीत. करार माझ्या नावावर.”

“नाही, तुमचंही नाव टाकू की. पण मुख्य मिस्टरांचं टाकलेलं बरं असतं. पुढे-मागे काही झालं तर माणूस लागतो.”

“काका, तुमच्या दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आहे?”

“माझ्या मिसेसचं,” ते म्हणाले, आणि स्वतःच थोडे ओशाळले. “ते आपलं, टॅक्सच्या सोयीसाठी.”

“मग माझंही सोयीसाठी समजा. पण एकटीचं.”

“असतो एखादीचा हट्ट,” ते पुटपुटले, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी ऐकलं नाही असं केलं. गाळा हवा होता.

करार करून देणारा एजंट दोन दिवसांनी लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. अकरा महिन्यांचा करार. त्याने टाइप करताना सवयीने माझ्या नावापुढे नवऱ्याचा व्यवसाय विचारला. मी म्हणाले, माझा विचारा. त्याने ‘गृहिणी’ टाइप केलेलं होतं, ते खोडलं. काय लिहू? मी सांगितलं, ड्राफ्ट्समन. त्याने बोटं थांबवून वर पाहिलं, “मॅडम, ड्राफ्ट... समन?” म्हणाला. मी त्याला एकेक अक्षर सांगितलं. मग अंगठा ठेवला. यंत्राने पहिल्याच वेळी माझा अंगठा ओळखला, याचं मला किती बरं वाटलं हे मी कुणाला सांगितलं नाही.

नोंदणी झालेला करार हातात यायला चार दिवस गेले. तेवढ्यात मी जुनं टेबल, कॉम्प्युटर आणि खुर्ची टेम्पोने हलवली. टेम्पो दारात पाहून शेजारीण बाहेर आली. कुणाचं सामान चाललंय? मी म्हणाले, माझं. तिने घराकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारायचं टाळलं. संध्याकाळपर्यंत मिस्टरांना तीन फोन आले.

“लोकांना वाटतंय तू घर सोडून चाललीस,” ते म्हणाले.

“टेबल सोडून चाललंय. मी जेवायला घरीच आहे.”

“एवढं करायची गरज होती का? मी सही करणारच होतो.”

“कधी?”

यावर ते उठून पाणी प्यायला गेले.

नवा पत्ता घालून मी नवा अर्ज केला. रिकाम्या चौकटीत काहीही लिहिलं नाही. तरी चैन पडू दिली नाही त्यांनी. कराराचं इंग्रजी भाषांतर पाठवा. पाठवलं. भाषांतर करणाऱ्याचा शिक्का दिसत नाही. परत पाठवलं. व्यवसायाचं संकेतस्थळ कुठे आहे? नाही. मग तुमच्या कामाचे नमुने पाठवा. मी एक वळणाचा जिना पाठवला, चौदा पायऱ्यांचा, प्रत्येक पायरीचा माप-नकाशा. तो पाहून कुणाला काय कळलं असेल देव जाणे. मग एक दिवस गप्प. मग दुसरा. मी रोज सकाळी गाळ्यात जाऊन आधी मेल पाहायची आणि मग पंखा लावायची.

सहावा आठवडा लागला. गुरुवारी त्या कंपनीतल्या बाईंचा मेल आला, आज शेवटचा दिवस आहे, यादी संध्याकाळी जाते, मला काय करता येईल? मी लिहिलं, तुझ्या संध्याकाळपर्यंत माझ्याकडे साडेपाच तास जास्तीचे आहेत, थांब. मग मी खात्यावाल्या कंपनीला एक मेल लिहिला. त्यात एकही विशेषण नव्हतं. अर्ज कधी केला, कोणते कागद कोणत्या दिवशी दिले, कोणी काय मागितलं, सगळं ओळीने, ड्रॉइंगच्या टिपांसारखं. शेवटी लिहिलं, यातलं काय कमी आहे ते सांगा, किंवा नाही म्हणून सांगा, पण आज सांगा.

दुपारी चारला उत्तर आलं. खातं सुरू झालं आहे, आमच्या परिवारात स्वागत. खाली नंबर. मी तो नंबर तसाच पुढे पाठवला. बाईंनी दहा मिनिटांत लिहिलं की नाव यादीत गेलं. सोबत तीन नवे जिने पाठवले.

परिवारात स्वागत! माझ्या स्वतःच्या परिवारात दोन सह्या मिळाल्या नाहीत.

महिनाभराने मिस्टर म्हणाले, “आता खातं तर झालं. गाळा सोडायला हरकत नाही. भाडं उगाच जातंय.”

ते चूक नव्हते. भाडं जात होतंच. पण ती खातेवाली कंपनी दर वर्षी जागेचा पुरावा परत मागते, असं मेलमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी ते त्यांना वाचून दाखवलं. खरं तर ते बारीक अक्षर नसतं तरी मी गाळा सोडला नसता, पण ते सांगून उपयोग नव्हता. नियम सांगितला की त्यांना पटतं.

आणि परवा दिरांचा फोन आला. मी गाळ्यातच होते. खाली ट्रकमधून प्लाय उतरत होता, त्या आवाजात त्यांचा आवाज नीट येत नव्हता, म्हणून खिडकी लावून घेतली.

“वहिनी, दादा म्हनला तुम्ही भाड्यानं जागा घेतली.”

“हो. घेतली.”

“अहो, मग मला सांगायचं ना. मी सही करायला तयार होतो. मी आपलं ते शेतीचं सहज बोललो होतो. तुम्ही तो कागद पाठवून द्या, उद्याच करतो.”

“आता नको, भाऊजी. त्याचं काम झालं.”

“म्हणजे? कायमचं तिथंच का?”

“काम तिथे. राहणं घरी.”

त्यांनी आवाज बारीक केला. “राग आलाय का वहिनी?”

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे ठरलेलं असतं. ‘छे हो, राग कसला,’ असं म्हणायचं, मग दोन्हीकडून हसायचं, मग पोरांची चौकशी. मीही सव्वीस वर्षं तेच म्हणत आले.

“हो,” मी म्हणाले. “आलाय.”

मी पुढे हसले नाही, पोरांची चौकशी केली नाही. मला त्यांना मदत करावीशी वाटली नाही. शेवटी ते “बरं, ठेवतो मग” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी खिडकी उघडली. समोर स्क्रीनवर एक जिना अर्धवट होता. मापं घेणारा मजल्याची उंची लिहायला विसरला होता, आणि तिच्याशिवाय पायऱ्या किती ते ठरत नाही. मी त्याला मेल लिहायला घेतला.